बारावीचा इतिहास आणि वडाळ्याचे मीठ

ज्या पुस्तकांस सर्वांत अधिक वाचक लाभतात, त्यांचे परीक्षण आपल्या मासिकांत सहसा येत नाही. एखादी सामान्य कादंबरी निघाली तरी तिच्यावर दोन-चार अभिप्राय छापून येतात. परंतु हजारो मराठी मुले जे पुस्तक वर्षभर हातात बाळगतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत जे इतिहासाचे शेवटचेच पुस्तक ठरते, त्याचे गुणदोष पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. बालभारतीने 2020 साली प्रसिद्ध केलेले इयत्ता बारावीचे इतिहासाचे पुस्तक अशांपैकीच एक होय. पदवीवर्गात पाऊल टाकण्यापूर्वी कलाशाखेच्या विद्यार्थ्यास इतिहासाची जी शिदोरी मिळते, तिचा कस पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम गुणांविषयी. पुस्तकाची मांडणी विस्तृत दृष्टीची आहे. युरोपातील प्रबोधनापासून आरंभ करून ते वसाहतवादाकडे वळते. त्या संदर्भात मराठ्यांचा संघर्ष, समाजसुधारणा, स्वातंत्र्याचा लढा, दोन महायुद्धे, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध आणि स्वातंत्र्योत्तर भारत असा क्रम लावते. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 साली, आलेले अकरावीचे पुस्तक आद्य शेतकरी व हडप्पा संस्कृती येथून निघून मराठेशाहीपर्यंत येते. मराठी माणसाचा इतिहास शिवनेरीवर सुरू होतो आणि शनिवारवाड्यावर संपतो, असा जो आक्षेप घेतला जातो, त्याला ही दोन पुस्तके परस्पर उत्तर देतात. 1818 साली पेशवाई बुडाली, ती केवळ एका बाजीरावाच्या भित्रेपणामुळे नव्हे. तिच्यामागे समुद्रावरील सत्ता, व्यापार आणि कवायती फौज ह्यांची दीर्घ परंपरा होती, असा विचार करण्यास लागणारी पार्श्वभूमी येथे मिळते. हे श्रेय लहान नव्हे.

परंतु ह्या पुस्तकाचा एक दोष मूलगामी आहे. ते आरंभापासून अखेरपर्यंत एकाच सुरात बोलते. अमुक साली अमुक घडले, त्याची कारणे पाच व परिणाम चार, असे ते सांगते. तसे घडले हे कशावरून, हे मात्र क्वचितच सांगते. चौकटींतून पूरक माहिती पुष्कळ दिली आहे, पण ती माहितीच होय. एकाच प्रसंगाविषयी दोन कागद परस्परविरुद्ध बोलत आहेत आणि त्यांतील कोणाचा कितपत विश्वास धरावा हे वाचकाने ठरवावयाचे आहे, असा पेच विद्यार्थ्यापुढे येत नाही. न्यायालयात साक्षीदार न बोलावता थेट निकालपत्रच वाचून दाखवावे, तसा हा प्रकार आहे. निकाल योग्य असेलही. पण ऐकणाऱ्यास कायदा कळला असे म्हणता येणार नाही.

परीक्षेने ह्या दोषास खतपाणी घातले आहे. लेखी परीक्षेस 80 गुण व अंतर्गत मूल्यमापनास 20, अशी विभागणी आहे. योग्य पर्याय निवडणे, चुकीची जोडी ओळखणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे, टिपा लिहिणे, विधान सकारण स्पष्ट करणे, असे प्रश्नांचे प्रकार ठरलेले असतात. त्यांत ‘तुमचे मत नोंदवा’ असाही एक प्रकार आहे. तो ज्यांनी घातला त्यांचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. पण बाजारातील मार्गदर्शिका उघडून पाहावी. तेथे विद्यार्थ्याचे मत आधीच छापून ठेवलेले आढळते, आणि मुले ते मुखोद्गत करतात! स्वतःचे मत पाठ करावे लागणे, ह्याहून इतिहासशिक्षणाची शोचनीय अवस्था कोणती असेल?

ह्यावर असे म्हटले जाईल की, सतरा वर्षांच्या मुलाकडून पुराव्याची छाननी अपेक्षिणे हे अवाजवी आहे. शिवाय शे-शंभर मुलांच्या वर्गात शिक्षकाने करावे तरी काय? दुसऱ्या अडचणीत तथ्य आहे, आणि तिचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पहिली मात्र आपल्याच परंपरेस धरून नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली निघाला आणि मराठीत उतरल्यावर मराठ्यांच्या इतिहासाचा तोच प्रमाणग्रंथ होऊन बसला. त्या ग्रंथावर 1867 साली पुण्यात जाहीर टीका केली ती कोणा वयोवृद्ध पंडिताने नव्हे, तर डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी. त्यांचा निबंध पुढे ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात छापला गेला. कीर्तने तेव्हा तेविशीच्या घरात होते, बारावीतील मुलाच्या वयाचे नव्हते, हे खरे. तथापि त्यांनी जो प्रश्न केला त्यास वयाची अट नाही: हे ज्या कागदांवरून लिहिले ते कागद कोठे आहेत? 1878 साली सुरू झालेला ‘काव्येतिहाससंग्रह’, 1898 साली निघालेला राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड, 1910 साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, हा सारा उद्योग ह्याच एका प्रश्नाच्या पोटी वाढला. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाचा पाया, अशा रीतीने, एका विद्यार्थ्याने पाठ्यग्रंथावर घेतलेल्या शंकेत आहे. आणि आज आपण विद्यार्थ्यास नेमकी शंकाच घेऊ देत नाही.

मग करावे काय? अँटॉप हिलच्या परिसरात राहणाऱ्या एखाद्या बारावीच्या मुलीचे उदाहरण घेऊ. सविनय कायदेभंग म्हटला की तिला 12 मार्च 1930 ची दांडीयात्रा आठवते, आणि ती तारीख ती बिनचूक लिहिते. परंतु त्याच वर्षी मे आणि जून महिन्यांत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी वारंवार धाव घेतली, 1 जून रोजी तर सुमारे 15,000 लोक त्यांत होते, आणि हे रणांगण आपल्या घरापासून पायी जाण्याच्या टप्प्यात आहे, हे तिच्या कानावर कदाचित गेलेलेही नसेल. तेथील कोरबा मिठागर ह्या वस्तीच्या नावात तो धंदा अजून टिकून आहे. ह्या मुलीपुढे त्या दिवसांतील दोन वृत्तपत्रे ठेवावी: एक त्या काळी इंग्रजांच्या मालकीचा ‘टाइम्स’, दुसरा फिरोजशहा मेहतांनी 1913 साली काढलेला राष्ट्रीय बाण्याचा ‘बाँबे क्रॉनिकल’. एक ज्यास दंगल म्हणेल त्यास दुसरा सत्याग्रह म्हणेल. जखमींचे आकडे जुळतात काय? पोलिसांनी काय केले, लोकांनी काय केले, आणि प्रत्येक बातमी कोणाच्या डोळ्यांनी पाहिली गेली? एवढे चार प्रश्न तिने स्वतः सोडवले, तर मिठाचा कायदा तिला जन्मभर विसरता येणार नाही. तसेच शीव-कोळीवाड्यास, म्हणजे आजच्या गुरु तेगबहादूर नगरास, 1947 नंतर फाळणीचे निर्वासित येऊन राहिले. त्या घरांतील आजी-आजोबांच्या आठवणी आणि पुस्तकातील फाळणीचा परिच्छेद शेजारी ठेवून पाहता येतील. आठवण कोठे चुकते आणि पुस्तक कोठे गप्प राहते, हे दोन्ही तिला दिसेल.

ह्यासाठी नवी व्यवस्था उभारावी लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेतच. इंग्लंडात ए-लेव्हलच्या इतिहासातही 20 टक्केच गुण विद्यार्थ्याच्या स्वतंत्र शोधनिबंधास असतात. आकडा तोच, फरक इतकाच की तेथे त्या गुणांसाठी साधने व इतिहासकारांची मतभिन्नता तपासावी लागते, आणि येथे पुष्कळदा चित्रे चिकटवलेली वही पुरते. पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत प्रत्येक प्रकरणाअखेर परस्परविरोधी असे दोन मूळ उतारे छापावे, आणि एका प्रश्नाचे उत्तर केवळ त्यांच्या आधारे मागावे. मार्गदर्शिकांना त्याचे उत्तर छापता येईल, पण दरवर्षी उतारा बदलला तर ते उपयोगी पडणार नाही.

ही केवळ गुणपत्रिकेची गोष्ट असती तर तिच्यासाठी एवढी जागा अडवली नसती. आज इतिहासावरून गावेच्या गावे तापतात. कोणी कोणाच्या हातातील दूरध्वनीवर चार ओळी पाठवतो. त्यांत साल असते, लढाईचे नाव असते, अभिमान असतो आणि द्वेषही असतो. नसतो तो फक्त आधार. त्या ओळी वाचणारा तरुण बारावीपर्यंत इतिहास शिकलेला असूनही ‘हे कशावरून?’ एवढे विचारत नाही, कारण तसे विचारल्यास गुण मिळतात असे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. त्याने सारी प्रकरणे विसरली तरी चालेल. हा एक शब्द त्याच्यापाशी राहावा. ज्या पुस्तकाने जगाच्या इतिहासाचा एवढा मोठा पट मराठी विद्यार्थ्यापुढे मांडला, त्याने तो शब्दही त्याच्या हाती द्यावा, एवढीच ह्या परीक्षणाची मागणी आहे.