एका गणिती निबंधातला पाणवठा

आकड्यांविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. शासन आणि तज्ज्ञ म्हणतात, आकडा म्हणजे सत्य. आपल्यातले काही लेखक-कार्यकर्ते म्हणतात, आकडा वेदना मारतो, सबब तो प्रस्थापितांचा. या दोन्ही भूमिका मला आळसाच्या वाटतात. कविता वाचताना आपण विचारतो, हा 'मी' कोण, हा कुठे उभा आहे, याने काय पाहिले आणि काय पाहण्याचे टाळले. हेच प्रश्न संख्याशास्त्रातल्या निबंधाला विचारायला काय हरकत आहे? मी सोलापुरात महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हाती आला. ज्या विषयाने भाकरी दिली त्याची समीक्षा करण्याचा अधिकार मी घेतो आहे. साहित्याच्या प्राध्यापकांनी रागावू नये.

समीक्षेसाठी जो निबंध घेतला आहे तो १९२६ सालचा, एडिंबरा मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापलेला. लेखक अँडरसन मॅकेंड्रिक. हा गृहस्थ इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर होता, कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्याने काम केले होते आणि गणिताची त्याला मनापासून ओढ होती. रोगराईला गणित लावणाऱ्या पहिल्या पिढीतला हा माणूस. त्याच्या निबंधात हिंदुस्थानातल्या एका गावातली पटकीची साथ येते. गावाला नाव नाही. आहे तो फक्त एक तक्ता.

गावात २२३ घरे. १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन, एका घरात चार. एकूण रोगी ८६. एवढेच.

आता गाव एकच आहे, सर्वांना सारखाच धोका आहे, असे धरून हे ८६ रोगी २२३ घरांवर नशिबाच्या हवाली विखुरले असते तर काय दिसले असते? पॉयसाँच्या नियमाने सुमारे १५२ घरे रिकामी राहिली असती, सुमारे ५८ घरांत एकेक रोगी सापडला असता आणि तीन किंवा त्याहून अधिक रोगी असलेली घरे एक किंवा दोन. प्रत्यक्षात एकेक रोगी असलेली घरे फक्त ३२ आहेत आणि तीन-चार रोग्यांची घरे सात. म्हणजे रोग काही घरांत दाटला आहे आणि पुष्कळ घरांना त्याने शिवलेदेखील नाही.

मॅकेंड्रिकने इथे जे केले ते विलक्षण आहे. त्याने १६८ हा सर्वांत मोठा आकडा चक्क बाजूला ठेवला. ज्या ५५ घरांत रोगी होते तेवढ्यांवरूनच मागे जाऊन त्याने विचारले, खरोखर धोक्यात अशी घरे किती होती? ज्याला हौस आहे त्याने कागद घेऊन बसावे. प्रत्येक घरातल्या रोग्यांच्या संख्येचा वर्ग करून बेरीज घेतली तर १६६ येते. त्यातून ८६ वजा केले की ८०. ८६ च्या वर्गाला ८० ने भागले की ९२ च्या थोडे वर. त्याने ९३ धरले. याचा अर्थ असा की रोगाच्या तावडीत ९३ घरे होती. त्यांतली ५५ सापडली, ३८ नशिबाने सुटली. उरलेली १३० घरे या साथीत नव्हतीच. ती त्याच गावात होती, पण त्या पाण्यावर नव्हती.

पुढे तो तर्क करतो की रोग पाण्यातून आला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ही ९३ घरे एकाच दूषित विहिरीवर असावीत. चौकशी झाली आणि खरोखरच एक दूषित विहीर सापडली. तिचे पाणी गावातला लोकांचा एक विशिष्ट विभाग भरत होता, असे तो नोंदवतो. आणि निबंध पुढच्या उदाहरणाकडे जातो.

या 'विशिष्ट विभागा'पाशी मी कितीतरी दिवस अडून आहे.

हा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि उत्तर न सांगता विद्यार्थ्यांना विचारतो, काय दिसते? शहरातली हुशार मुले लगेच सूत्र शोधतात. मागे एकदा मोहोळ तालुक्यातली एक मुलगी, वर्गात फारशी न बोलणारी, बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, गावात दोन पाणवठे असणार." सूत्र तिला येत नव्हते. गाव येत होते.

मॅकेंड्रिकलाही ते ठाऊक नसेल असे नाही. हिंदुस्थानात वर्षानुवर्षे काढलेल्या डॉक्टरला खेड्यातल्या विहिरी कशा वाटलेल्या असतात हे कळत नव्हते, असे मानायला मी तयार नाही. पण निबंधाच्या भाषेत त्या ज्ञानाला जागा नव्हती. ९३ घरांत कोण राहत होते? पाटील-कुलकर्ण्यांची आळी, की गावकुसाबाहेरची वस्ती? निबंधात याचे उत्तर नाही. म्हणून ती घरे आमचीच होती असा दावा मी करणार नाही. हळहळ मिळवण्यासाठी पुरावा वाकवणे आपल्या चळवळीला परवडणारे नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. ती विहीर सवर्णांची असली काय आणि आमची असली काय, कोणत्या घराने कोणत्या विहिरीवर जायचे हे ठरवणारी जी व्यवस्था, तीच या तक्त्याचा खरा नियम आहे. गणिताने ती बरोबर हुडकून काढली आणि लेखकाने तिला नाव दिले नाही.

तुलनेसाठी जॉन स्नोला घ्या. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकी आली तेव्हा त्यानेही शून्यांकडेच पाहिले. भोवताली माणसे मरत असताना जवळच्या वर्कहाउसमधल्या (गरीबखान्यातल्या) ५३५ जणांपैकी पाचच का दगावले? कारण त्यांची विहीर वेगळी होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार का वाचले? त्यांचीही विहीर वेगळी होती आणि त्यांना प्यायला बिअर मिळे. स्नो प्रत्येक ठिकाणाचे नाव घेतो, तिथले लोक काय पीत होते ते सांगतो. त्याच्या पुस्तकात लंडन दिसते. मॅकेंड्रिकच्या निबंधात गाव दिसत नाही.

आपल्या गावांनी मात्र पटकीचे स्वतःचे शास्त्र केव्हाच तयार केले होते. साथ आली की मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर न्यायचा, तिथून तो पुढच्या गावाने पाहून घ्यायचा. अंगावर आसूड ओढणारा पोतराज आमच्यातला, रोगाची देवी आमच्या वाड्याजवळची, मेलेले उचलायचे काम आमचे. रोग बाहेरून येतो, बाहेरच्यांकडून येतो आणि बाहेर घालवता येतो, हा त्या शास्त्राचा सिद्धान्त. विटाळ हेसुद्धा संसर्गाचे एक प्रारूपच आहे. कोणी कोणाला शिवायचे याचे इतके काटेकोर कोष्टक जगात क्वचितच कोणी केले असेल. फक्त त्यात जंतू नव्हता.

पुढचे वर्ष १९२७. त्या मार्चच्या २० तारखेला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव आधीच झालेला होता, कागदावर. नंतर सवर्णांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' केले. कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. त्याच १९२७ सालात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात मॅकेंड्रिक आणि कर्मॅक यांचा साथींच्या गणिताचा तो जगप्रसिद्ध निबंध आला. कोविडच्या काळात रोज टीव्हीवर जे वक्र दाखवत होते त्यांचे मूळ या निबंधात आहे. त्यांनी आपले सूत्र ताडून पाहिले ते मुंबईच्या प्लेगच्या मृत्यूंवर: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्यागणिक मेलेल्या माणसांची संख्या. वक्र ठिपक्यांवर छान बसला.

त्या सूत्राच्या मुळाशी एक गृहीतक आहे. समाजातला प्रत्येक माणूस प्रत्येक माणसाला सारख्याच शक्यतेने भेटतो, सगळे एकमेकांत मिसळलेले असतात, जणू पाण्यात साखर. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो होतो. ज्या देशात माणसाने माणसाला न भेटण्याचे धर्मशास्त्र लिहिले, त्या देशाची मढी घेऊन हे सूत्र सिद्ध केले! न्यायाने सांगायचे तर आपली गृहीतके प्लेगला तंतोतंत लागू नाहीत हे त्या दोघांनीच मान्य केले आहे. प्लेग उंदरांचा आणि पिसवांचा. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२ साली दाखवून दिले की त्या वक्रातून निघणाऱ्या किमती वास्तवाशी जुळत नाहीत आणि मोसमाचा परिणाम त्यात धरलेलाच नाही. ठिपक्यांवर वक्र बसणे आणि वक्र खरा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना पटवायला मला दुसरे उदाहरण लागत नाही. पण पाठ्यपुस्तके वक्र छापतात आणि कबुली गाळतात. ते मेलेले कोण होते, कोणत्या चाळीत राहत होते, हे तर आधीच गळलेले असते. त्याच प्लेगच्या साथीत, १८९७ साली, पुण्याजवळ मुंढव्याच्या गायकवाडांचे आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सारख्या शक्यतेने कोणी कोणाला भेटत नव्हते; ती भेट एका बाईने ठरवून घडवली होती.

मॅकेंड्रिकच्या पहिल्या निबंधाकडे परत येतो, कारण त्यातली शून्याची उकल आजही उपयोगी आहे. १९७७ साली डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी जी पद्धत मांडली तिचा तो पूर्वज मानला जातो, आणि शून्ये दोन प्रकारची असतात हे तत्त्व १९९२ पासून वेगळे प्रारूप म्हणून शिकवले जाते. एक शून्य धोक्यात असून वाचलेल्याचे. दुसरे धोका नसलेल्याचे. आपल्या देशात मला एक तिसरे शून्यही दिसते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत शासनानेच लोकसभेत सांगितले होते की मागच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसे मेली. दोन्ही उत्तरे कायद्याच्या भाषेत बरोबर ठरतात. २०१३ च्या कायद्यात 'हाताने मैला साफ करणे' ही एक व्याख्या आहे आणि गटाराची 'धोकादायक सफाई' ही दुसरी. माणूस दुसऱ्या रकान्यात मेला, म्हणून पहिल्या रकान्यात शून्य. हे शून्य नशिबाचेही नाही, सुरक्षिततेचेही नाही. ते व्याख्येने केलेले आहे. यावर कोणते सूत्र लावणार?

म्हणून आकडा फेकून द्या, असे मी म्हणत नाही. ३४० हा आकडा नसता तर ते शून्य खोडायला आपल्या हातात काय होते? आणि विचारायचेच ठरवले तर संख्याशास्त्राला जातही विचारता येते. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरोघरी सरळ प्रश्न केला की तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते का, आणि २७ टक्के घरांनी होय म्हणून सांगितले. परक्याच्या तोंडावर होय म्हणणारी ही घरे.

सोलापूरच्या पाण्याचे दुखणे इथल्या माणसाला सांगायला नको. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून उजनीत येते आणि उजनीतून आपल्या नळाला. तेही रोज नाही, काही दिवसांआड. पाण्याचे नमुने धरणात तपासतात, जलशुद्धीकरण केंद्रात तपासतात. वस्तीच्या शेवटच्या नळावर, जिथे दाब संपतो आणि शेजारून गटार वाहते, तिथल्या पाण्यासाठी तक्त्यात वेगळी ओळ असली पाहिजे. सरासरीत ती ओळ बुडते.

आमचे विद्यार्थी गावोगाव पाहणीला जातात तेव्हा छापील अर्जात 'पाण्याचा स्रोत' असा रकाना असतो: नळ, विहीर, बोअर, टँकर. त्याच्या शेजारी मी दोन रकाने हाताने आखून देतो. या पाणवठ्यावर गावातले कोणकोण भरतात? कोण भरत नाहीत? बरीच मुले दुसरा रकाना भरून आणतात. काही अर्जांवर तो कोराच येतो, आणि विचारले की मुले सांगतात, "घरमालक तिथे उभा होता, सर." संगणकात चढवताना कोऱ्या जागी शून्य टाकायचे नाही, असे मी त्यांना बजावून ठेवले आहे.