शेकरूच्या उपजाती आणि वर्गीकरणाचे निकष : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. त्याच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्याची स्थापना झाली. या अभयारण्याविषयीच्या लेखनात 'येथील शेकरू ही एल्फिन्स्टोनी नावाची स्वतंत्र उपजाती असून ती अन्यत्र आढळत नाही', अशा आशयाचे विधान वारंवार आढळते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते जसेच्या तसे उतरते आणि काही वेळा शोधनिबंधांतही ते निःशंकपणे वापरले जाते. तथापि विल्सन आणि रीडर यांनी संपादित केलेल्या सस्तन प्राण्यांच्या जागतिक सूचीची २००५ ची आवृत्ती उघडली, तर वेगळेच चित्र दिसते. थोरिंग्टन आणि हॉफमन यांनी लिहिलेल्या खारींच्या प्रकरणात रॅटुफा इंडिका या जातीच्या केवळ चार उपजाती मान्य केलेल्या आहेत : इंडिका, मॅक्झिमा, सेंट्रॅलिस आणि डीलबेटा. एल्फिन्स्टोनी हे नाव तेथे आहे, पण इंडिकाचे पर्यायी नाव म्हणून.

या चारांपैकी डीलबेटा ही आपल्या सुरगाणा तालुक्याच्या सीमेपलीकडील डांगच्या जंगलातील. ती नामशेष झाल्याचे मानले जाते. म्हणजे भीमाशंकरला प्राणी आहे, पण त्याचे स्वतंत्र नाव मान्य नाही. डांगला नाव मान्य आहे, पण प्राणी नाही. प्रस्तुत लेखात ही विसंगती का निर्माण झाली आणि तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कोठे अपुरी पडते, याचा विचार केला आहे.

परिभाषेचा गोंधळ

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मराठी परिभाषेविषयी थोडे बोलणे अगत्याचे आहे. जुन्या शास्त्रीय मराठीत 'प्रजाती' हा शब्द वंशासाठी आणि 'जाती' हा त्याखालील एककासाठी वापरला जाई. वृत्तपत्रांनी प्रजाती हा शब्द जातीच्या जागी आणून बसविला. परिणामी 'उपप्रजाती' म्हणजे नेमके काय, हे वाचकाला संदर्भावरूनच ताडावे लागते. नाशिकच्या द्राक्षबागांत तर आणखी एक अर्थ रूढ आहे. थॉम्पसन सीडलेस, सोनाका, तास-ए-गणेश यांना शेतकरी 'जाती' म्हणतो. परंतु ते एकाच जातीचे लागवडीखालील वाण आहेत. माणसाने निवडून, छाटकलमांनी टिकविलेल्या वाणाचा आणि निसर्गात भौगोलिक विलगतेतून घडलेल्या उपजातीचा काहीही संबंध नाही. या लेखात मी वंश, जाती, उपजाती आणि वाण हे शब्द याच क्रमाने व अर्थाने वापरले आहेत.

वनस्पतींच्या नामकरण संहितेत जातीखाली उपजाती, प्रकार आणि रूप अशा अनेक पायऱ्या आहेत. प्राण्यांच्या संहितेत जातीखाली उपजाती ही एकच पायरी ग्राह्य आहे. मात्र दोन्ही संहिता नाव कसे द्यावे एवढेच सांगतात. एखादा समूह कोणत्या पायरीवर ठेवावा, हे त्या सांगत नाहीत. अंजनेरीच्या डोंगरावरील कंदीलपुष्पाचे वर्णन २००६ मध्ये सेरोपेजिया अंजनेरिका या नावाने स्वतंत्र जाती म्हणून झाले. ते उपजाती किंवा प्रकार म्हणूनही होऊ शकले असते काय, हा प्रश्न संहितेला विचारून उपयोग नाही. तो वर्णनकर्त्याच्या विवेचनालाच विचारावा लागतो.

उपजाती ठरते कशी?

स्थूलमानाने सांगायचे तर एकाच जातीतील, भौगोलिकदृष्ट्या वेगळ्या प्रदेशात राहणारा आणि इतर समूहांहून ओळखण्याइतका भिन्न असा समूह म्हणजे उपजाती. दोन उपजाती एकत्र आल्यास त्यांच्यात प्रजनन होऊ शकते. म्हणूनच त्या एका जातीत मोडतात. या व्याख्येतील कळीचा शब्द 'ओळखण्याइतका' हा आहे आणि सगळा वाद त्याच शब्दापाशी अडतो.

किती वेगळेपण पुरेसे? डीन अमॅडन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या ७५ टक्क्यांच्या नियमानुसार, एका समूहातील निदान ७५ टक्के प्राणी दुसऱ्या समूहातील जवळजवळ सर्व प्राण्यांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. नियम सुटसुटीत आहे, पण ७५ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. शिवाय त्यासाठी दोन्ही समूहांचे पुरेसे नमुने हवेत. दोन-चार कातड्यांवर टक्केवारी काढता येत नाही.

१९५३ मध्ये ई. ओ. विल्सन आणि डब्ल्यू. एल. ब्राउन यांनी उपजातीच्या संकल्पनेवरच हल्ला चढविला. त्यांचा सर्वांत मार्मिक आक्षेप असा की, निरनिराळी लक्षणे एकाच सीमेवर बदलत नाहीत. रंगावरून आखलेली सीमा एक असते, कवटीच्या मापावरून आखलेली दुसरी, शेपटीच्या लांबीवरून तिसरी. मग उपजातीची सीमा कोणती मानावी? वर्गीकरणतज्ज्ञ बहुधा डोळ्यांना प्रथम भावणारे लक्षण निवडतो, आणि ते लक्षण म्हणजे रंग. माझ्या मते या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर आजतागायत दिले गेलेले नाही. आपण त्याच्यासह जगायला शिकलो आहोत इतकेच.

शेकरूचा दप्तरी इतिहास

शेकरूच्या बाबतीत हे सारे लख्ख दिसते. एर्क्सलेबेन याने १७७७ मध्ये या प्राण्याला नाव दिले, ते 'मुंबईची खार' या पूर्वीच्या वर्णनाच्या आधारे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स याने १८३१ मध्ये एल्फिन्स्टोनी हे नाव दिले. ते मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सन्मानार्थ होते. त्याच्या दृष्टीने ती उपजाती नव्हे, तर स्वतंत्र जातीच होती. १८९७ मध्ये डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये या मोठ्या खारीच्या स्थानिक रूपांचा आढावा घेतला आणि डांगच्या फिकट शेकरूला डीलबेटा हे नाव दिले. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'पांढरी केलेली', जणू चुना फासलेली. पुढे सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात जमलेल्या नमुन्यांवरून कॅथलीन रायली यांनी १९१३ मध्ये मध्य प्रांतातील सेंट्रॅलिसचे वर्णन केले. १९५२ मध्ये हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी त्याच जर्नलमध्ये उपजातींची पुन्हा छाननी केली.

या सर्व कामाचा मुख्य आधार कातड्यांचा रंग हाच होता. दक्षिणेकडील अधिक पावसाच्या जंगलांत शेकरूच्या अंगावर काळ्या रंगाचे प्रमाण वाढते, भीमाशंकरकडे पाठ तांबूस-तपकिरी आणि शेपटीचे टोक फिकट, तर डांगकडे सारे अंगच फिके. दमट प्रदेशात गडद आणि कोरड्या प्रदेशात फिकट रंग असणे, हा ग्लोगर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियमच आहे. रंग जर पावसाबरोबर हळूहळू बदलत असेल, तर ज्याला आपण पाच-सहा उपजाती म्हणतो तो एकच क्रमिक बदल असू शकतो. मध्येच कोठे तरी रेघ ओढली जाते. आणि पुष्कळदा ती रेघ तेथे पडते, जेथून संग्राहकाने नमुने आणलेलेच नसतात. नकाशावरील रिकामी जागा निसर्गातील सीमा समजली जाते. त्यात संग्रहालयातील जुन्या कातड्यांचा रंग काळानुसार बदलतो, ही अडचण वेगळीच.

एल्फिन्स्टोनी हे नाव इंडिकात का विलीन झाले, हेही यावरून उमगते. ज्या जातीचे मूळ वर्णनच मुंबईच्या खारीवरून झाले, तिची मुख्य उपजाती उत्तर सह्याद्रीतीलच ठरते. मग त्याच पट्ट्यातील भीमाशंकरच्या शेकरूला दुसरे नाव द्यायचे, तर दोहोंतील फरक नव्याने दाखवून द्यावा लागेल. तो दाखविला जाईपर्यंत विलीनीकरण हाच सावध पर्याय आहे, असे मला वाटते. जे अभ्यासक आजही एल्फिन्स्टोनी हे नाव वापरतात, त्यांनी निदान कोणत्या छाननीच्या आधारे, एवढे नमूद करायला हवे.

जनुकीय पुरावा आणि त्याच्या मर्यादा

आता डीएनएच्या तपासणीने हा वाद मिटेल, अशी अपेक्षा व्यक्त होते. वाघाचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या मार्जारकुल तज्ज्ञगटाने वाघाच्या दोनच उपजाती मानाव्यात असे सुचविले. पुढच्याच वर्षी संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातून हयात वाघांच्या सहा उपजातींना पुष्टी मिळाल्याचे दुसऱ्या गटाने जाहीर केले. दोन्ही गटांतील अभ्यासक निष्णात होते. फरक होता तो किती भिन्नतेला उपजाती म्हणायचे, याविषयीच्या भूमिकेत. २०१७ च्या त्याच सूचीत गीरच्या सिंहाची 'पर्सिका' ही उपजातीही 'लिओ'मध्ये विलीन झाली. म्हणून गीरचा सिंह काल होता त्याहून कमी मोलाचा झाला, असे कोणी म्हणणार नाही. मग भीमाशंकरच्या शेकरूचे मोल एल्फिन्स्टोनी या पाटीवर का टांगून ठेवावे?

नाव का हवे?

येथपर्यंतचे विवेचन वाचून उपजाती ही कल्पनाच टाकून द्यावी, असे कोणास वाटेल. मला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण डांग आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत रॅटुफा इंडिका ही जाती 'किमान चिंता' या वर्गात आहे. जातीचा हिशेब एकत्र मांडला, तर डांगचा समूह नाहीसा होऊनही त्या वर्गात काही फरक पडत नाही. सुरतेच्या डांगात कधी काळी फिकट रंगाची शेकरे होती आणि आता ती दिसत नाहीत, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती केवळ १८९७ मध्ये कोणी तरी त्यांना वेगळे नाव देऊन ठेवले म्हणून. कदाचित ते नाव वर्गीकरणाच्या कसोटीवर टिकणार नाही. तरीही त्याने हानीची नोंद करण्याचे काम केले. अशी किती स्थानिक रूपे निनावीच गेली असतील, याचा हिशेब लागणे शक्य नाही.

येथे दोन गोष्टींची सरमिसळ होते. उपजाती हे उत्क्रांतीविषयीचे एक अनुमान आहे. संरक्षणाचे एकक ही प्रशासनाची गरज आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूला संरक्षण दिले ते जातीच्या नावाने. उपजातीचे नाव बदलले म्हणून ते संरक्षण उणावत नाही. पण न्यायालयात आणि धोरणात उपजातीचे नाव किती जड ठरू शकते, ते चित्त्याच्या प्रकरणात दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आफ्रिकी चित्ते भारतात आणण्याचा निर्णय रद्द ठरविला; येथील मूळ चित्ता आशियाई होता, आफ्रिकी नव्हे, हा त्या वादातील एक प्रमुख मुद्दा होता. २०२० मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर अनुमती दिली आणि २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते कुनोत आले. त्या काळात आशियाई आणि आफ्रिकी चित्त्यांतील जैविक अंतर बदलले नव्हते.

हाच प्रश्न उद्या डांगच्या बाबतीत उपस्थित होऊ शकतो. पूर्णा अभयारण्यात किंवा वांसदा राष्ट्रीय उद्यानात भीमाशंकरहून शेकरे नेऊन सोडायची असे ठरले, तर ते पुनर्वसन म्हणायचे की परक्या उपजातीचे आगमन? सूचीप्रमाणे डीलबेटा वेगळी असल्याने ते परक्याचे आगमन ठरते. रंग हा पावसाबरोबरचा क्रमिक बदल मानल्यास ते पुनर्वसनच ठरते, आणि काही पिढ्यांनी तेथील शेकरे फिकट होऊ लागतील अशी शक्यताही उरते. यांपैकी काय खरे, हे ठरविण्याजोगा पुरावा संग्रहालयांतील जुन्या डांगी कातड्यांत असू शकतो. त्यांतून डीएनए मिळविण्याची तंत्रे आता उपलब्ध आहेत. मात्र ती तुलना अर्थपूर्ण व्हायची, तर भीमाशंकर, कोयना, कारवार आणि मेळघाट या पट्ट्यांतील मधल्या जागांचेही नमुने हवेत. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. वृक्षांची छत्री तुटली की त्याची वाट संपते. सह्याद्रीचे जंगल ज्या गतीने बेटाबेटांत तुटत आहे, ती पाहता पूर्वी केवळ नकाशावर असलेल्या रिकाम्या जागा आता जमिनीवरही तयार होत आहेत, आणि मधले नमुने मिळण्याची ठिकाणे दरवर्षी कमी होत आहेत.