‘स्मृतिचित्रे’तील हसू

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी लिहिताना निर्मळ विनोद, घरगुती भाषा आणि प्रांजळपणा यांची प्रशंसा ठरलेली असते. ती रास्तच आहे. तथापि हा विनोद म्हणजे निव्वळ स्वभावविशेष, असे मानून पुढे गेल्यास पुस्तकातील एक मोठी गोष्ट नजरेतून सुटते, असे मला वाटते.

रिचर्ड लॅझारस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सुझन फोकमन यांच्यासह १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताणाचा विचार करताना घटनेपेक्षा तिच्या मूल्यमापनावर भर दिला. यात माझे काय पणाला लागले आहे आणि मला काय करता येण्याजोगे आहे, हे मन जोखते. मग मनुष्य परिस्थिती बदलू पाहतो किंवा स्वतःच्या भावना सांभाळतो. बहुधा दोन्ही करतो. (निवृत्तीपूर्वी ताणव्यवस्थापनाच्या एका वर्गास मी बसलो होतो. तेथे पहिलाच मार्ग शिकवला. दुसरा जणू पळपुटेपणा! लॅझारसचे मत तसे नाही.)

या दृष्टीने पुस्तकाचा आरंभ पाहावा. सत्तावन्नच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाले आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट वाचताना आपण हसतो. परंतु ज्याच्या हाती काहीच उरले नाही, अशा माणसाने पाण्याच्या घागरीपुरती का होईना, सत्ता राखली होती. त्याची किंमत मात्र सारे घर मोजत होते.

कन्येवरचा प्रसंग याहून लहान नव्हता. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई तिशीच्या आतल्या होत्या. बाप्तिस्मा परत फिरवता येणारा नव्हता. तेथे दुःख सोसणे एवढेच हाती होते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे गेल्या, तरी आपले सोवळेओवळे त्यांनी काही काळ जपले. पुढे जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा स्वतः विचार करून तो सोडला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. जे बदलता येत नव्हते ते सोसले, जे येत होते ते आपल्या गतीने बदलले. वडिलांचे सोवळे भीतीने वाढत गेले, मुलीचे विचाराने सुटले. हा फरक मला पुस्तकातील कोणत्याही विनोदापेक्षा मोलाचा वाटतो.

येथे एक सावधगिरी हवी. १८९५ ची तरुण स्त्री हसतखेळत संकटातून गेली, असा निष्कर्ष काही वाचक काढतात. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मधे जवळजवळ चार दशके गेली होती. पुस्तकातले अश्रू त्या काळचे आहेत, हसू मात्र बव्हंशी लेखिकेचे, साठी उलटलेल्या बाईचे. लॅझारसच्या भाषेत बोलायचे तर तेच प्रसंग येथे पुन्हा जोखले जात आहेत. म्हणून या विनोदाला सोशिकपणाचा पुरावा मानणे मला पटत नाही.

शिवाय ज्यांच्या विक्षिप्तपणावर हे हसू सर्वाधिक खेळते, ते टिळक १९१९ मध्येच निवर्तले होते. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते; त्यासाठी सांगावयाच्या आठवणींतून हे पुस्तक उभे राहिले.