पंचाविना न्याय

जवाहरनगरला, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना खेळताना पंच क्वचितच मिळाला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे, जो तो आपल्या गावचा नियम सांगणार. डाव मोडायचा नसेल तर तोडगा जागच्या जागी काढावा लागे. धाकट्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे, वाद मिटेना तर तेवढा चेंडू पुन्हा खेळायचा, रडीचा डाव मात्र कुणी खपवून घेत नसे. पंचावाचून न्याय करण्याची ही कला परदेशातल्या आपल्या मंडळातल्या लोकांनी पिकलबॉलच्या कोर्टावर जिवंत ठेवली आहे. मला तिचे फार कौतुक वाटते.

पिकलबॉल हा खेळच मुळी घरगुती. १९६५ साली सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी तो घरच्यांसाठी जुळवला. पुढे सुनील वालावलकरांनी तो भारतात आणला आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली.

पंच नसलेल्या हौशी सामन्यात आपल्या बाजूच्या रेषेचा निकाल आपणच द्यायचा असतो. शंका आली तर चेंडू आत. जोडीदारांचे एकमत झाले नाही, तरी आत. प्रेक्षकांना विचारायचे नाही. फुटक्या चेंडूने गुण गेला असे वाटले, तर चौघांचे एकमत झाल्यावरच तो पुन्हा खेळायचा, नाहीतर झाले ते कायम.

खरी परीक्षा किचनपाशी होते. जाळीलगतच्या या सात फुटी पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. बाहेरून मारला, पण त्या झोकात पाय आत गेला किंवा डोक्यावरची टोपी आत पडली, तरी दोष. चेंडू तोवर मेलेला असला तरीही. समोरच्यांची नजर चेंडूवर असते, त्यामुळे पाय रेषेला लागला हे बहुधा ज्याचे त्यालाच कळते. अशा वेळी जिंकलेला गुण स्वतःहून सोडणारी माणसे मी आपल्यात पाहिली आहेत, अटीतटीच्या दहा-दहावरसुद्धा.

चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्याला नियमानेच दोन टप्प्यांची मुभा आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आपण ती आपखुशीने देतो, आणि योग्यच करतो. पण हे डावाआधी ठरले पाहिजे. मध्येच बदललेला नियम, तो कितीही मायेपोटी बदललेला असो, समोरच्यावर अन्यायच करतो.

आपल्या मंडळातल्या पालकांना एवढीच विनंती: मुलांच्या हाती बॅट देताना सर्व्हिसच्या आधी आपला दोष आपण सांगायला शिकवा. आणि स्वतःही कोर्टावर या. नवख्यांसाठी जादा बॅटी ठेवलेल्या असतात.