बुडीत फायलींची वसुली

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कादंबरीची होते, नाटकाची होते, आणि नाटकाच्या मध्यंतरात मिळणाऱ्या बटाटेवड्याची तर सर्वांत मन लावून होते. परंतु कॉम्प्युटरमधून गेलेल्या फायली परत आणून देणारी जी सॉफ्टवेअर असतात, त्यांच्याकडे अद्याप एकाही समीक्षकाची नजर वळलेली नाही. वास्तविक ज्या एकाग्रतेने, ज्या कोरड्या घशाने आणि रात्रीच्या ज्या प्रहरी माणूस ती वाचतो, तसा तो ज्ञानेश्वरीही वाचत नाही. सबब हे काम मी अंगावर घेतलं आहे. पात्रता विचाराल तर मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. काव्यशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ‘रिकव्हरी’ या शब्दाशी माझा वीस वर्षांचा रोजचा संबंध आहे.

हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला की नातेवाईक पेढे आणायला धावतात. आमच्या मॅनेजरांनी उच्चारला की कर्जदार मागच्या दाराने धावतो. कॉम्प्युटरवाल्यांची रिकव्हरी या दोहोंपैकी कुठली? त्यांच्या जाहिराती डॉक्टरी थाटाच्या असतात. काम मात्र वसुलीचं आहे, आणि वसुलीत जे जे घडतं ते सगळं इथे घडतं. पण ते समजायला आधी फाईल बुडते कशी हे पाहिलं पाहिजे.

प्रथम केराची टोपली. ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ या कॉम्प्युटरच्या पडद्यावर १९८३ साली कचऱ्याच्या टोपलीचं चित्र होतं. १९८४ साली ते मॅकिंटॉशवर आलं. मायक्रोसॉफ्टने १९९५ च्या ‘विंडोज ९५’मध्ये तिचं ‘रिसायकल बिन’ असं बारसं केलं. ही कल्पना मला मनापासून पसंत आहे, कारण ती अस्सल मध्यमवर्गीय आहे. आपल्या घरात वस्तू टाकली असं नुसतं म्हणायचं असतं. प्रत्यक्षात ती माळ्यावर जाते आणि पुढच्या दिवाळीला ‘अगंबाई, ही इथे होती होय!’ म्हणून खाली येते. रिसायकल बिन हा कॉम्प्युटरचा माळा आहे. दोष एवढाच की, या माळ्याला शिडी सगळीकडून लागत नाही. पेन ड्राइव्हवरची फाईल पुसली तर ती सहसा माळ्यावर न जाता थेट रस्त्यावर जाते. आणि ‘शिफ्ट’चं बटण दाबून ‘डिलीट’ केलं तर घरातलीही माळा चुकवून खिडकीतून बाहेर पडते. जाताना कॉम्प्युटर विचारतो, ‘ही फाईल कायमची पुसायची आहे ना?’

या वाक्यातल्या ‘कायमची’ या शब्दावर समीक्षक म्हणून माझा आक्षेप आहे. साध्या हार्ड डिस्कवर फाईल कायमची तर नाहीच, पण खरं म्हणजे पुसलीच जात नाही. समजा, एक जाडजूड खतावणी आहे आणि तिच्या सुरुवातीला अनुक्रमणिका आहे. कॉम्प्युटर काय करतो, तर अनुक्रमणिकेतलं नाव रद्द करतो आणि ‘सदर पानं रिकामी समजावीत’ असा शेरा मारतो. पानांवरचा मजकूर जसाच्या तसा असतो. पुढे कुणाला जागा लागली की त्याला तीच पानं देतात आणि तो जुन्या मजकुरावर आपला हिशेब लिहितो. तोवर सगळं शाबूत असतं. फक्त ते कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसतं.

आमच्या धंद्यात असं केलं तर नोकरी जाईल. वहीत चुकलं तर खोडरबर चालत नाही. खालचं वाचता येईल अशा बेताने एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण रिवाज तोच. चुकलेली नोंद पुसत नाहीत, तिची उलटी नोंद करतात. म्हणजे बँकेत पाच रुपयांची चूकसुद्धा जन्मभर जपून ठेवतात, आणि घरच्या कॉम्प्युटरवर जन्मभराचं लिखाण एका बटणाने जातं. यात कुणाची अक्कल जास्त, हे वाचकांनी ठरवावं.

या वाङ्मयप्रकाराचा आद्य लेखक पीटर नॉर्टन. पुसलेली फाईल परत आणणारा त्याचा प्रोग्रॅम १९८२ सालचा. पुढे १९९१ साली मायक्रोसॉफ्टने ‘एमएस-डॉस ५’मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञाच देऊन टाकली. त्या काळच्या पद्धतीत फाईल पुसायची म्हणजे तिच्या नावातलं पहिलं अक्षर काढून तिथे एक ठरावीक खूण करायची. त्यामुळे ‘अनडिलीट’ म्हटलं की यंत्राला पहिलं अक्षर सोडून सगळं नाव वाचता येई, आणि ते तुम्हालाच विचारी: याचं पहिलं अक्षर काय होतं, तेवढं सांगा. या साऱ्या साहित्यात मला आवडलेलं वाक्य हे एकच. बाकी सॉफ्टवेअर ‘आम्ही सगळं परत आणू’ अशी फुशारकी मारतात. याने सरळ कबूल केलं की, माझ्या वहीत थोडं कमी आहे, ते घरच्या माणसाने भरावं.

हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही.

आमचे नाना प्राथमिक शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नऊ गावांत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी ‘माझ्या बदल्या’ या नावाचं आत्मवृत्त कॉम्प्युटरवर टाईप केलं. एक बोट, सहा वर्षं, एकेचाळीस पानं. ‘पुरं झाल्याशिवाय कुणी वाचायचं नाही’ असा त्यांचा दंडक होता. माणूस सावध. दुसरी प्रतसुद्धा ठेवली होती: त्याच कॉम्प्युटरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. एकाचं नाव ‘न्यू फोल्डर ३’, दुसऱ्याचं ‘न्यू फोल्डर ४’. लॉकरची जादा किल्ली लॉकरातच जपून ठेवावी, तसलाच हा प्रकार.

नाना गेले. त्यानंतरच्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मामा, तुझा कॉम्प्युटर केवढा स्लो आहे रे! मी साफ करून देतो,’ म्हणाला. मी बँकेतून येईपर्यंत साफसफाई आटोपली होती. ‘न्यू फोल्डर’ या नावाचं जे जे होतं ते ते शिफ्ट-डिलीट, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मोटारींच्या शर्यतीचा एक गेम. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आई म्हणाली, ‘अरे, ह्यांची ती पानं छापून आण. त्या दिवशी सगळ्यांच्या हातात देऊ.’

भाच्याला घरात कुणी काही बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं असावं. त्याने त्या क्षणी कॉम्प्युटर बंद केला, डिस्क बाहेर काढली, ती दुसऱ्या यंत्राला जोडली, आणि वसुली जी करायची ती तिसऱ्याच डिस्कवर केली. हे शहाणपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. फाईल गेली की त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. शोधणारं सॉफ्टवेअरसुद्धा तिथे उतरवायचं नाही, नाहीतर पोलिसांची जीप नेमकी पुराव्यावरून जायची. आमचं नशीब असं की कॉम्प्युटर जुना होता. आजकालच्या एसएसडी नावाच्या डिस्कना फाईल पुसल्याबरोबर ‘ट्रिम’ नावाची सूचना जाते, आणि त्या रिकामी पानं खरोखरच कोरी करायला घेतात. नवीन यंत्रं फार तत्पर असतात. आमचं आळशी होतं, म्हणून आशा होती.

आता सॉफ्टवेअरच्या शैलीविषयी. ‘रेकुवा’ नावाचं जे प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, ते सापडलेल्या फायलींना चार दर्जे देतं: उत्तम, खराब, अतिशय खराब, आणि परत न मिळण्याजोगी. हे वाचून मला अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जांचे दर्जेही चारच: स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस. फरक इतकाच की, कर्ज बुडीत निघालं तरी कर्जदाराचं नाव आमच्याकडे अचूक असतं. इथे माल सापडतो, नाव सापडत नाही.

म्हणजे असं की, अनुक्रमणिकाच गेली तर खोलवर शोधणारी सॉफ्टवेअर थेट पानं उलटत बसतात आणि फायली त्यांच्या सुरुवातीच्या खुणांवरून ओळखतात. प्रत्येक जातीच्या फाईलचं कपाळ ठरलेलं असतं. झिप फाईलच्या कपाळावर ‘पीके’ अशी दोन अक्षरं असतात. ती तिचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. वर्डच्या अलीकडच्या फायलीही आतून झिपच, म्हणून त्यांच्या कपाळीही तेच. ‘फोटोरेक’ हे या पंथातलं नाणावलेलं आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ते सापडलेल्या मालाला ‘एफ’ आणि पुढे एक लांबलचक आकडा असं नाव देऊन फोल्डरांत रचून ठेवतं. कपाळावरून जात कळली; नाव-गाव नाही.

आमच्या वसुलीत अशा एकोणीस हजारांवर फायली निघाल्या. त्यांत नखाएवढी चित्रं होती, कधीकाळी पाहिलेल्या जाहिराती होत्या, बहिणीच्या लग्नाचा एकच फोटो सात आकारांत होता, आणि नानांची एकही ओळ दिसत नव्हती. भाचा तीन रात्री बसला. तिसऱ्या रात्री म्हणाला, ‘मामा, ही एक मोठी आहे, पण उघडतच नाही. नुसता मजकूर ओढून काढलाय, तर सगळा कचरा. करप्ट आहे.’ मी पाहिलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी होती. इंजिनिअरिंगच्या मुलाला तो कचरा वाटला. पण माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी कारकुनाने ती लिपी तत्काळ ओळखली असती. मराठी अक्षरांना इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवणारे जुने फॉन्ट असत, त्यांतलं ते लिखाण होतं. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःच्या खुर्च्या १९९१ सालीच मिळाल्या होत्या, पण ती वार्ता नानांच्या एका बोटापर्यंत पोचायची होती. फॉन्टची जुनी सीडी कपाटात होती. फॉन्ट चढवला आणि खिचडीतून एकदम नानांचं वळण वर आलं: ‘पहिली बदली. सामान: एक ट्रंक, एक वळकटी, एक पेटी (वाजवायची).’

तेवीस पानं मिळाली. चोविसाव्याच्या आरंभी वाक्य होतं, ‘त्या पावसाळ्यात साकव वाहून गेला तेव्हा’. त्यापुढे मोटारींची शर्यत.

ही ओळ आईला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तेव्हा हे पलीकडेच राहिले तीन दिवस. शाळेतच झोपले. पोरांच्या घरून भाकऱ्या यायच्या. आणि इकडे मी तुला घेऊन एकटी. ते नाही का लिहिलेलं?’ लिहिलेलं होतं की नाही, हे आता कोण सांगणार! भाच्याने न बोलता दुसरं पान उघडलं आणि ती सांगेल तसं टाईप करायला बसला. तिला थांबवून मध्येच विचारायचा, ‘आजी, गावाचं नाव काय होतं?’ बाकीच्या अठरा पानांच्या जागी आता आईची एकतीस झाली आहेत, आणि त्यांत नानांनी मुळीच लिहिल्या नसत्या अशा पुष्कळ गोष्टी आहेत.

माझा समीक्षेचा मुद्दा एवढाच आहे. वसुलीचं सॉफ्टवेअर माल शोधतं. ओळख पटवायला माणूसच लागतो. १९९१ सालच्या त्या बापड्या ‘अनडिलीट’ला हे कळलं होतं, पुढच्यांना जाहिरात करण्यात ते सांगायचं राहिलं. आजची ही सॉफ्टवेअर मी ‘सबस्टँडर्ड’ या वर्गात ठेवतो. मुद्दल थोडंफार येतं, व्याज विसरा.

वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मोठमोठ्यांचंही असंच झालेलं आहे. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट तयार होत असताना पिक्सार कंपनीत कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत काढायला गेले, तर तीही धड निघेना. शेवटी तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरने लाज राखली. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत, म्हणून त्यांच्याकडे एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून आणला. पुढे त्या चित्रपटाची कथाच पुष्कळशी नव्याने रचली गेली, हा भाग वेगळा. एवढ्या कंपनीला जे यंत्रांनी दिलं नाही, ते एका बाळंतिणीच्या घरात मिळालं.

तात्पर्य, दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी. तिची आठवण राहावी म्हणून जागतिक बॅकअप दिनही पाळतात, तो ३१ मार्चला. जगातल्या तीनशे पासष्ट दिवसांतून नेमका हाच दिवस शोधणाऱ्याने बँकेतल्या माणसाचा विचार केलेला दिसत नाही. त्या दिवशी आम्हाला स्वतःचं नावही आठवत नसतं. म्हणून आम्ही वर्षश्राद्धाचा दिवस धरला. एक प्रत माझ्याकडे, एक बहिणीकडे नाशिकला, आणि छापून बांधलेल्या बारा प्रती नातेवाइकांत. कागदाला फॉन्टची सीडी लागत नाही.

कॉम्प्युटरवरच्या फाईलला नाव मात्र भाच्याने दिलं आहे: ‘नाना-आजी फायनल फायनल २’. निदान ‘न्यू फोल्डर’ तरी नाही.