एस्टेलाचा नकार आणि पिपची तृष्णा

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) या कादंबरीतील पिपचे एस्टेलावरील प्रेम एकतर्फी प्रेमाचा आदर्श म्हणून वाखाणले जाते. प्रस्तुत लेखकास त्यात निराळेच काही दिसते. लोहार मेहुण्याच्या घरी वाढलेला हा पोर मिस हॅविशॅमच्या वाड्यात पत्ते खेळावयास जातो. एस्टेला त्याच्या खरबरीत हातांची, जाडजूड बुटांची टवाळी करते आणि त्या दिवसापासून त्याला स्वतःच्याच हातांची लाज वाटू लागते. जिने हिणविले तिच्याच नजरेत उंच ठरण्याची ही तृष्णा होय. तिच्यापायी तो गार्जरीसारख्या निर्मळ, कष्टाळू मेहुण्यालाही लाजतो. हे दुखणे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

एस्टेला मात्र त्याला फसवीत नाही. आपल्याला हृदयच नाही, असे ती त्याला स्पष्ट बजावते. तिला तसे घडविले मिस हॅविशॅमच्या सूडाने. लग्नाच्या दिवशीच टाकली गेलेली, घड्याळे थांबवून वर्षानुवर्षे तोच वधूवेश ल्यालेली ही स्त्री म्हणजे मूर्तिमंत उपादान!

आणि ज्या कुलीनतेपुढे पिप झुकला, ती एस्टेला निघते हद्दपार कैदी मॅग्विचची मुलगी. पिपला ‘सभ्य गृहस्थ’ बनविणारा पैसाही त्याच कैद्याचा. उच्चनीचतेचा पाया डिकन्सने असा उखडला खरा. परंतु बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून शेवट बदलून त्याने पुनर्मीलनाची आशा ठेवली, हे पटत नाही. मूळ शेवटी लंडनच्या रस्त्यावर दोघे क्षणभर भेटतात, हस्तांदोलन करतात आणि आपापल्या वाटेने जातात.