राया, पाव्हणं आणि समोरची गर्दी

शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात संबोधन अगदी तळाला असते. एकवचनाला प्रत्यय नाही, अनेकवचनाला ‘नो’. पाणिनीने तर त्याला वेगळी विभक्ती दिलीच नाही. प्रथमेतच त्याची सोय लावली. ज्याला हाक मारली, त्याचा वाक्यातल्या क्रियेशी संबंध असेलच असे नाही, म्हणून कारकविचारात संबोधनाला जागा नाही. तमाशा ऐकताना मात्र तक्त्यातली ही तळाची ओळच मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

जुन्नर तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचे आणि त्यापलीकडचेही गावकरी येऊन आपापल्या यात्रेची सुपारी देतात. त्या यात्रेत रात्री उभा राहणारा खेळ हाकांवरच चालतो. गणात गणपतीला हाक, गवळणीत कृष्णाला आणि मावशीला. वगात राजा प्रधानजींना हाक मारतो आणि पात्रे आपसांत बोलू लागतात. लावणी मात्र ‘राया’, ‘सजणा’, ‘पाव्हणं’ म्हणते. हा राया म्हणजे नायिकेचा प्रियकर असे आपण धरून चालतो आणि लावणीवर शृंगाराचा शिक्का मारून मोकळे होतो.

व्याकरण वेगळे सांगते. हजारोंच्या सभेत वक्ता ‘बंधूंनो’ म्हणतो. लावणी तेवढ्याच गर्दीपुढे ‘रायांनो’ म्हणत नाही. ‘पाव्हणं’ हेसुद्धा एकालाच उद्देशून, पण आदराने. हाक एकाला असल्यामुळे ती आपल्यालाच आहे असे समोरच्या प्रत्येकाला वाटते. लावणीची सारी ताकद या एकवचनात आहे.

या एकवचनाची किंमतही आहे. हाक आपल्याला आली असे वाटले, की उत्तर देण्याचा हक्कही आपला वाटू लागतो. मग उत्तर शिट्टीने येते, नुसत्या ‘ए’ने येते, दौलतजादा करून स्वतःचे नाव मंचावरून वदवून घेण्याने येते. ती त्याला ‘पाव्हणं’ म्हणते. तो तिला ‘अहो बाई’ म्हणत नाही. आदर एकाच दिशेने जातो. त्यातही तिच्या तोंडची हाक बहुधा कुणा पुरुष शाहिराने लिहिलेली असते.

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावच्या. वडील आणि चुलते यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. जात आणि गाव दोन्ही त्या नावात होती. विठाबाईंना १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आज राज्य शासन तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देते. पण पुरस्कारावरचे नाव प्रथमेत असते. त्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. हाक मारण्याची वेळ खेळाच्या रात्री येते, आणि तिथे ‘ए’ अजून गेलेला नाही.

लावणीतली बाई कोणाला हाक मारते, याचा विचार पुष्कळ झाला. समोरून तिला काय म्हणून हाक येते, हेही लावणीच्या समीक्षेने ऐकले पाहिजे.